घरात माणसं किती?

मोरेश्वर उंबरकरांना कुणी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" की ते बोटं मोजायला लागायचे. आई, बाबा, आत्या, धाकटा अनिल. इथवर एका हातात काम व्हायचं. मग बायको गिरिजा, ते स्वतः आणि लेक उर्वी. एकूण सात. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये प्लिमथ रोडच्या मागच्या त्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटात राहायची तिघंच. उरलेली चार माणसं विदर्भात कारंज्याला. पण मोरेश्वरभाऊंच्या लेखी हा प्रश्न नुसता भूगोलाचा होता.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. अंबडच्या जिल्हा परिषद शाळेतून निघून, औरंगाबादला इंजिनिअरिंग करून मी इथे पीएचडीला आलेला. ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे, नागपूरहून मातीत पीएचडी करून आलेले, इथे पोस्टडॉक. मातीतून पाणी किती वेगानं झिरपतं ते मोजायचे. माणूस रोज सकाळी डबा घेऊन हे मोजायला जाऊ शकतो आणि त्याला त्याचा पगार मिळतो, हे मला त्यांना भेटेपर्यंत ठाऊक नव्हतं. दिसायला शांत, चष्मा जाड, टोपी कानावर ओढलेली. थंडीत दोन स्वेटर घालायचे आणि दोन्ही सारख्याच रंगाचे, त्यामुळे एकच घातलाय असं वाटायचं.

आमची ओळख झाली ती माझ्या गाडीमुळे. गाडी जुनी, निळी, आणि तिचा हीटर स्वतःच्या मर्जीचा मालक. पण तिला चार चाकं होती, आणि मोरेश्वरभाऊंकडे एकही नव्हतं. त्यांना ड्रायव्हिंग यायचं नाही असं नाही. एकदा लर्नर परमिट काढून त्यांनी माझ्या शेजारी बसून पार्किंग लॉटमध्ये तीन चकरा मारल्या होत्या. तिसऱ्या चकरेला म्हणाले, "नंदूभाऊ, बस सर्व्हिस चांगली आहे इथली." विषय संपला.

तर हे सातचं प्रकरण. अपार्टमेंट भाड्यानं घेताना ऑफिसातल्या बाईनं विचारलं होतं, किती जण राहणार? तेव्हा उर्वी व्हायची होती, म्हणून यांनी सहा सांगितलं. बाई म्हणाली, एका बेडरूममध्ये सहा जण ठेवले तर फायर डिपार्टमेंट मला ठेवणार नाही. यांनी तिला समजावलं की त्यातले चौघं आत्ता येणार नाहीत, पण आहेत. बाईनं 'आहेत' आणि 'राहणार' यातला फरक अर्धा तास समजावून घेतला आणि शेवटी दोन लिहिलं. हे बाहेर येऊन मला म्हणाले, "दोन लिहिलं बाप्पा तिनं. आईनं पाहिलं तर काय म्हणेल?" जसं काही लीजची कॉपी कारंज्याला जाणार होती.

सेलमध्ये टॉवेल दिसले की सात. पेनं सात. एकदा पायमोजे सहाच उरले होते, तर त्यांनी ते सगळेच परत ठेवले. गिरिजावहिनी हे सगळं बघायच्या आणि बोलायच्या नाहीत, कारण त्या नाशिकच्या. त्यांच्या मते वऱ्हाडातल्या माणसाला समजवायचं म्हणजे आधी त्याला जेवू घालावं लागतं आणि मग तो झोपतो.

फेब्रुवारी आला की ॲन आर्बरच्या मराठी पोरांत कर भरायची साथ यायची. मिशिगनमध्ये मिळकत बेताची असेल तर राज्य भाडेकरूलाही घरपट्टीतला थोडा वाटा परत देतं, ही बातमी आमच्यात फुटलेल्या पेपरसारखी पसरायची. कुणाच्या तरी रूममध्ये बसून, पिझ्झा मागवून, सगळे एकमेकांचं बघून फॉर्म भरायचे. उर्वी झाल्यानंतरच्या फेब्रुवारीत मोरेश्वरभाऊही आले. मी सांगितलं की राज्याच्या करात लहान पोरामागे वेगळी सूट आहे, ती लिहा.

"पोरामागे सूट. चांगलं आहे. आणि आत्यामागे?"

"आत्यामागे नाही, भाऊ."

"काहून? आत्या तर उर्वीपेक्षा जास्त खाते."

"आत्या मिशिगनमध्ये खात नाही ना."

तरी पेन्सिलनं समासात त्यांनी चार नावं लिहिलेली मी पाहिली. नंतर खोडली. पोस्टात टाकताना परत एकदा पाकीट उघडून बघितलं, नीट खोडली गेली का. प्रामाणिक माणूस. कुणी मागितलं नसताना खरं सांगणारा, आणि खरं काय याबद्दल स्वतःची पक्की मतं असलेला.

आता या माणसावर जे आलं ते सांगतो.

२००५ च्या जानेवारीत उर्वी नऊ महिन्यांची झाली होती. गोल चेहरा, कपाळावर बापासारखी आठी. तिला दूध सोसायचं नाही. डब्यातलं साधं दूध पाजलं की ती कळवळायची, अंगावर चट्टे यायचे, आणि लंगोटात रक्त दिसायचं. तोवर आईच्या दुधावर भागत होतं. पण हिवाळ्यात ते कमी पडायला लागलं. का, याची चौकशी करायची माझी काही प्राज्ञा नव्हती. मला एवढंच कळलं की डॉक्टरणीनं एक खास पावडर लिहून दिली आहे, जिच्यात दुधातल्या प्रथिनांचे आधीच तुकडे केलेले असतात. उर्वीला ती मानवली. चट्टे गेले, आठी तेवढी राहिली.

पावडर महाग होती. नुसती महाग नव्हे, मोरेश्वरभाऊंनी डब्यावरची किंमत वाचून डबा उलटा करून बघितला, खाली काही वेगळं लिहिलंय का. आणि इन्शुरन्सवाले म्हणत होते, हे औषध नव्हे, अन्न. अन्नाचे पैसे आम्ही देत नाही. डॉक्टरणीकडे कंपनीनं फुकट दिलेले नमुन्याचे डबे होते, ते तिनं उचलून दिले. ते किती दिवस पुरणार? मग तीच म्हणाली, तुम्ही 'विक'कडे का जात नाही? विक म्हणजे राज्यातर्फे चालणारी योजना. गरोदर बायका, बाळंतिणी, लहान पोरं, यांना दूध, अंडी, डाळी, आणि डॉक्टरनं लिहून दिलं तर अशी खास पावडरही. कुपनं देतात, ती दुकानात द्यायची.

मोरेश्वरभाऊंना ते पटेना. त्यांचे बाबा कारंज्याला हेडमास्तर होते. शाळेत येणारी सुकडीसुद्धा त्यांनी कधी घरी आणू दिली नव्हती. त्यात त्याच आठवड्यात मराठी मंडळींचा संक्रांतीचा पॉटलक झाला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं. तिथे दिगंबरकाका भेटले. दिगंबरकाका म्हणजे सत्तर साली डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेले, आता रिटायर्ड. खिशात आठ डॉलर घेऊन आलो, हे ते भेटल्याबरोबर सांगायचे. गेल्या वर्षी सात सांगायचे.

काकांनी प्लेटमधली गुळाची पोळी बाजूला ठेवून सांगितलं, "हे बघ मोरेश्वर, सरकारकडून एक अंडं जरी घेतलंस ना, तर ग्रीन कार्ड विसर. फाइलवर येतं ते."

मोरेश्वरभाऊंचा चेहरा उतरला. तेव्हा वहिनी, उर्वीला कडेवर सावरत, म्हणाल्या, "काका, अंडं उर्वी खाणार. ती इथे जन्मली. तिला ग्रीन कार्ड लागत नाही, ती अमेरिकनच आहे."

"ते ठीक आहे गं, पण..."

"आणि आमच्या घरात तेवढी एकच अमेरिकन आहे, तिच्या सरकारचं तिनं नाही खायचं तर कुणी?"

काका पोळीकडे वळले. शोभाकाकू, त्यांची बायको, वहिनींच्या ताटात तिळाचा लाडू वाढत म्हणाल्या, "जा तू. याचं ऐकू नकोस. आमचे दोघं लहान असताना याला डायपर कुठल्या बाजूनं घालतात ते माहीत नव्हतं, हा फायलींचं काय सांगतो?"

एवढ्यावर ठरलं. मी गाडी काढली.

ऑफिस इप्सिलांटीला होतं, गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. एक मोठी खोली, भिंतीवर गाजरांची आणि गाईंची चित्रं, कोपऱ्यात खेळणी, आणि खुर्च्यांवर बायका नि पोरं. पुरुष आम्ही दोघंच. टेबलामागे र्‍होंडा नावाची बाई बसली होती, अंगानं भक्कम, गळ्यात चष्म्याची साखळी. आवाज असा की तिनं नंबर पुकारला की बाहेर पार्किंगमधली माणसंही आपापला कागद बघायची. वहिनी उर्वीला घेऊन खुर्चीत बसल्या, भाऊ शेजारी. मी मागे उभा राहणार होतो. र्‍होंडानं मला तिसरी खुर्ची ओढून दिली. फॅमिली? मी म्हणालो, ड्रायव्हर. तरी बस म्हणाली.

मिळकतीचे कागद झाले. डॉक्टरणीची चिठ्ठी झाली. मग तिनं तो प्रश्न विचारला. घरात माणसं किती?

मला हसू आवरेना म्हणून मी गाईकडे बघायला लागलो.

"सात," मोरेश्वरभाऊ म्हणाले.

र्‍होंडानं सात लिहिलं. मग म्हणाली, नावं?

भाऊंनी पिशवीतून एक कागद काढला. मला वाटलं डॉक्टरचाच असेल. ती रेशनकार्डाची झेरॉक्स होती. कारंजा, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. खाली सात नावं. सातवं उर्वीचं, वेगळ्या शाईत. ते बाबांनी तहसीलमध्ये तीन खेटे घालून चढवून घेतलं होतं. अमेरिकेची नागरिक, रेशन कारंज्याचं. र्‍होंडानं तो कागद सरळ धरला, आडवा धरला, मग चष्मा लावला.

"हे सरकारी कागदपत्र आहे," भाऊ म्हणाले. "शिक्का बघा."

तिनं शिक्का बघितला. तिला शिक्का आवडला असावा. म्हणाली, "हे सगळे तुमच्याबरोबर राहतात?"

"अर्थात."

"इथे?"

"इथे नाही. कारंज्याला. पण आम्ही एकत्रच आहोत."

"एका छताखाली?"

भाऊंनी थोडा विचार केला. "छतं दोन आहेत," ते म्हणाले. "घर एक आहे."

हे वाक्य त्यांनी इंग्रजीत म्हटलं, आणि ते इतकं नीट म्हटलं की र्‍होंडा क्षणभर थांबली. मग ती म्हणाली, "हनी, ते खूप छान आहे. पण मला एका छताखालचे मोजायचे असतात." आणि तिनं सातावर काट मारून तीन लिहिलं. मग एक तक्ता काढला, त्यात बोट फिरवलं, आणि बोट थांबलं. दर माणसामागे मिळकतीची मर्यादा वाढत जाते. तीन माणसांच्या मर्यादेच्या वर भाऊंचा पगार जात होता. फार नव्हे, इतकाच, की अंगठ्यानं झाकला असता तर दिसला नसता.

तिलाही वाईट वाटलं असावं. तिनं पेन हातातच ठेवलं आणि विचारलं, "घरात सध्या कोणी गरोदर आहे?"

एकदम शांत झालं. म्हणजे खोलीत पोरं ओरडत होती, पण आमच्या टेबलावर शांत झालं. मोरेश्वरभाऊंनी वहिनींकडे बघितलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी परत गाईकडे बघितलं.

"नो, नो," भाऊ म्हणाले. "नो. नॉट ॲट ऑल."

र्‍होंडानं वहिनींकडे बघितलं. वहिनी उर्वीच्या टोपीची नाडी बांधत होत्या. बांधलेलीच होती, सोडून परत बांधली.

मग काही राहिलं नाही. र्‍होंडा म्हणाली, काही बदललं तर परत या. काहीही बदललं तर.

परत येताना त्या दिवशी हीटर चालू होता, पण त्याचं कुणी कौतुक केलं नाही. मध्येच भाऊ म्हणाले, "चार नावं खोडली तिनं. एका रेघेत." वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुम्ही पाचवं खोडलंत." मला वाटलं, हिशोबात काही चुकतंय, मी लक्ष दिलं नाही. रस्त्यावर बर्फ होतं.

पुढचे आठ-दहा दिवस खालून रडण्याचा आवाज यायचा. नमुन्याचे डबे संपत आले होते. मध्ये त्यांनी सोयाचं दूध देऊन बघितलं, तेही सोसलं नाही. मग पदरचे पैसे घालून एक डबा आणला, तो वहिनी असा जपून काढायच्या की चमच्याला चिकटलेलं बोटानं परत डब्यात. मोरेश्वरभाऊंनी अनिलच्या बी.एड.च्या फीचे पैसे या महिन्यात पाठवले नाहीत आणि घरी सांगितलं, बँकेचा घोळ आहे. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून फोनवर एवढं सविस्तर खोटं बोलले की बाबांनी त्या बँकेविरुद्ध तक्रारीचा मसुदा करायला घेतला.

पुढचं मला नंतर वहिनींनी सांगितलं ते इथेच सांगतो, म्हणजे घोळ नको.

तळघरात सगळ्यांसाठी वॉशिंग मशीनं होती. तिथे खालच्या मजल्यावरची एक कोरियन बाई कपडे वाळवायला यायची, नवरा इथेच बिझनेस स्कूलला. तिचं इंग्रजी आणि वहिनींचं इंग्रजी दोन्ही जपून वापरायच्या प्रकारातलं, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. तिच्या टोपलीत विकच्या कुपनावरचं चीज बघून वहिनींनी विचारलं, तुम्हाला कसं मिळालं? तुम्हीही तिघंच ना? तर ती बाई हसली, स्वतःच्या पोटावर हात ठेवला, आणि दोन बोटं दाखवली. मला दोन धरलं, म्हणाली.

गरोदर बाई म्हणजे दोन माणसं. मिशिगनच्या तक्त्यात असं आहे. जन्माला न आलेलं पोर घरात मोजतात. भाऊंच्या आईला मोजत नाहीत, हेही खरं, पण ते आत्ता जाऊ द्या. चार माणसांच्या मर्यादेत भाऊंचा पगार आरामात बसत होता.

आणि वहिनींना दुसरा महिना संपत आला होता.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?" हे मी विचारलं नाही, कारण मला त्यांनी तेही सांगितलं. उर्वीच्या आधी, नागपूरला असताना, एकदा दिवस गेले होते. मोरेश्वरभाऊंना आनंद झाला आणि त्यांनी दुसऱ्याच महिन्यात कारंज्याला फोन केला. बाबांनी शाळेत पेढे वाटले. आत्यानं गल्लीत सांगितलं. अनिलनं स्टँडवर. तिसरा महिना लागायच्या आत ते राहिलं नाही. मग पेढे खाल्लेली माणसं एकेक करून घरी यायची, विचारायला. आईनं तेव्हापासून बजावून ठेवलं होतं, तीन महिने पुरे झाल्याशिवाय कोणाले सांगायचं नाही. मलेही नाही. उर्वीच्या वेळी त्यांनी ते पाळलं, आणि उर्वी नीट आली. अशा वेळी माणूस कुठल्या मातीचा अभ्यास करतो याला फारसं महत्त्व राहत नाही. 'नो, नो' हे भाऊंनी र्‍होंडाला सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या खुर्चीत परका माणूस बसला होता. मी.

तर शनिवारी... नाही, ऑफिस शनिवारी बंद, शुक्रवारी असेल. वहिनी माझ्या दाराशी आल्या. मागे जिन्यात भाऊ, दोन्ही स्वेटर घालून.

"नंदू, आज परत इप्सिलांटीला सोडता का?"

"सोडतो की. काही बदललं का?"

वहिनींनी तोंड उघडलं. भाऊ जिन्यातून म्हणाले, "नाही. बदललं काही नाही. असंच जाऊन यायचं."

"असंच?"

"कागद बघायचे एकदा परत."

"अहो, पुरे ना," वहिनी मागे न बघता म्हणाल्या. "डबा संपलाय काल."

"गिरिजा, अजून महिना आहे. एक महिना फक्त. मी कुठून तरी..."

"महिनाभर ती काय खाईल? मातीचे नमुने?"

मी गाडीची किल्ली घेतली आणि काहीच न समजल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा मला येतो. आमच्या शाळेत तो पहिल्या इयत्तेपासून करून घेतात.

ऑफिसात भाऊ मला म्हणाले, "नंदूभाऊ, तुम्ही गाडीत बसता का?"

"बाहेर उणे बारा आहे, भाऊ. हीटर बंद पडलाय."

"मग तिथे बसा," असं म्हणून त्यांनी मला खेळण्यांच्या कोपऱ्यात, पोरांसाठी ठेवलेल्या लाल खुर्चीत बसवलं. गुडघे माझ्या हनुवटीला लागत होते. एका पोरानं येऊन माझ्या मांडीवर लाकडी टोमॅटो ठेवला.

टेबलाशी काय झालं ते मला दिसत होतं. र्‍होंडानं त्यांना ओळखलं. भाऊ पुढे वाकले. एवढे वाकले की टोपी तिच्या कागदांवर पडली. ते अगदी हळू काहीतरी बोलायला लागले, आजूबाजूला बघत. ती ऐकत होती. मग भाऊ थांबले. त्यांना पुढे बोलवेना. उर्वी रडायला लागली, ते तिचं भुकेचं रडणं होतं, ते आता मलाही ओळखू यायचं. भाऊ तिच्याकडे बघत राहिले.

तेव्हा वहिनींनी उर्वी त्यांच्या हातात दिली आणि सरळ, स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आय ॲम प्रेग्नंट. एट वीक्स."

भाऊंनी डोळे मिटले.

र्‍होंडा उठून उभी राहिली. "काँग्रॅच्युलेशन्स!" आणि आवाज तर मी आधीच सांगितला. सगळ्या खोलीनं वळून बघितलं. एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्याच बायकांनी. ज्या पोरानं मला टोमॅटो दिला होता त्यानंही वाजवल्या. इप्सिलांटीतल्या वीस-पंचवीस अनोळखी माणसांना ती बातमी कळली होती, आणि आता कारंज्यातले सोडून कुणी राहिलं नव्हतं.

भाऊ हळूहळू माझ्याकडे आले. उर्वी खांद्यावर. चेहरा पांढरा. म्हणाले, "ते... त्यांना वाटलं आज माझा बड्डे आहे."

"हॅपी बर्थडे, भाऊ."

"थँक्यू."

वहिनी टेबलाशीच होत्या. त्या हसत होत्या, पण डोळे पुसत होत्या. कागद भरताना माणसाला असं होतं, असं मी धरून चाललो. मग एका खोलीत नेऊन त्यांचं वजन केलं, बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. उर्वीचंही वजन झालं. र्‍होंडानं जुना कागद काढला, तीनवर काट मारली, चार लिहिलं. तक्त्यात बोट फिरवलं. या वेळी बोट थांबलं नाही. उर्वीला पावडरची कुपनं मिळाली आणि वहिनींना स्वतःला दूध, अंडी, डाळी, संत्र्याचा रस. वहिनींनी विचारलं, मलाही? र्‍होंडा म्हणाली, तुम्ही दोघी आहात. किंवा दोघं. ऑगस्टमध्ये कळेल. सप्टेंबर, भाऊ म्हणाले. तो त्यांनी केलेला पहिला कबुलीजबाब.

वाटेत दुकान लागलं. औषधांच्या काउंटरवर पावडरचे दोन डबे होते, बाकीचे सोमवारी येतील, काउंटरवरचा माणूस म्हणाला. दोन तर दोन. भाऊंनी कुपनावर सही केली. सही करताना डावीकडे-उजवीकडे बघितलं, रांगेत कुणी आपलं तर नाही ना. कुणी नव्हतं. एक म्हातारा होता, तो खोकल्याच्या गोळ्या वाचत होता.

गाडीत बसल्या बसल्या वहिनींनी पिशवीतून थर्मास काढला. बाटलीत कोमट पाणी, डब्याचं झाकण, सील फाडलं, चमचे मोजले. सपाट चमचे, काठोकाठ. या वेळी बोटानं काही परत ढकललं नाही. उर्वीनं बाटली दोन्ही हातांनी धरली आणि प्यायला लागली. असा आवाज येत होता की कुणी चिखलातून बूट काढतंय.

भाऊ पुढे बसले होते. समोरच्या काचेवर बर्फाचे बारीक कण येत होते. ते खिसा चाचपत म्हणाले, "नंदूभाऊ, तुमचा फोन देता? माझ्याकडे कॉलिंग कार्ड आहे."

कारंज्यात रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. आईनंच उचलला. वऱ्हाडातली माणसं इंटरनॅशनल फोनवर अशी बोलतात की मधला समुद्र आवाजानंच ओलांडायचा आहे. त्यामुळे मला काही चोरून ऐकावं लागलं नाही.

"काय झालं रे? एवढ्या राती?"

"काही नाही, आई. उर्वी बरी आहे. आई, ते... गिरिजाले दिवस गेले."

"किती झाले?"

"दुसरा संपतो आहे."

"अन् तू आत्ता सांगून राहिला? तुले म्या काय सांगतलं होतं?"

"हाव. पण इथल्या ऑफिसात सांगावं लागलं, आई. सरकारी आहे. तिथं सगळ्यायले कळलं. मंग मले वाटलं, तुले नाही अन् त्यायले माहीत, हे काही बरं नाही."

"ऑफिसात काहून सांगतलं?"

"उर्वीच्या दुधासाठी. नाही सांगतलं तर देत नव्हते."

पलीकडे शांत. लाइन गेली की काय म्हणून भाऊंनी फोन कानापासून काढून बघितला. मग आवाज आला.

"दूध भेटलं?"

"भेटलं. पिऊन राहिली आत्ता."

"पोटभर?"

भाऊंनी मागे वळून बघितलं. उर्वीनं बाटली रिकामी केली होती आणि वहिनींनी ती काढून घेतल्याबद्दल निषेध नोंदवत होती.

"पोटभर."

"मंग बरं केलं सांगतलं," आई म्हणाली. "आता आत्याले नको सांगू. ठेव फोन, पैसे उठतात."

भाऊंनी फोन मला परत दिला. टोपी काढली, परत घातली. मी गाडी सुरू केली. मागे वहिनी उर्वीला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटत होत्या, ढेकर यायची वाट बघत.

सिग्नलला थांबलो तेव्हा मोरेश्वरभाऊ घसा साफ करून म्हणाले, "नंदूभाऊ, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागे बघितलं. वहिनी आरशातून त्यांच्याकडे बघत होत्या.

"काही नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात सांगतो."

"बरं," मी म्हणालो.

सिग्नल हिरवा झाला.